होणाऱ्या सुनेचे केस धुताना

साकोलीच्या सलूनमध्ये उषाबाई नामक गृहिणीने होणाऱ्या सुनेचे केस स्वखर्चाने धुऊन देण्याचे औदार्य दाखवले होते. मुलीची संमती गृहीत होती; राखी बेसिनवर मान टेकून पडली होती आणि सलूनवाली हर्षा तिचे केस धूत होती. मी पुढच्या नंबराची वाट पाहत होते.

"हर्षा, टॉवेल पांढराच घे."

"काहून, काकू?"

"पोरगी चोवीसची सांगतेत. रंग निघाला त समजन."

"फेसच निघून राहिला, काकू."

"अजून एक डाव धू. टाळूवर चट्टा गिट्टा?"

"नाही. केस दाट हायेत."

"जरा ओढून पाह. आजकाल चिकटवलेलेबी भेटतेत."

"कंडिशनर लावल्यावर ओढत नाही आमी."

"त मंग लावूच नको!"

"ओढा, हर्षाताई. जोरात ओढा."

"रागावली का, राखी? लगनाआधी पाहून घ्या लागते, बेटा."

"बरोबर हाय, काकू. म्हणून मीबी तुमच्या भुपेंद्रले इथं बलावलं. येऊनच राहिले."

"त्याले कायले?"

"केस धुवाले. हर्षाताई, माझं झालं. खुर्ची त्याइच्यासाठी ठेवा."

उषाबाईंनी मोबाइल कानाला लावला.

"हॅलो, भुपेंद्र? कुठं हायस? तिथूनच घरी जा, बेटा. कायी नाही झालं. तू फक्त डोक्यावर पानी घेऊ नको."