वर्षाचे गहू

दाना ओली नावाच्या बाजारगल्लीतल्या धान्याच्या दुकानात मंदाताई स्टुलावर बसून आपली पोती रिक्षात चढायची वाट पाहत होत्या. शेजारी एक जोडपं गहू तळहातावर घेऊन पारखत होतं.

“मंजिरी, हाच घेऊ ना? दरवर्षीचा.”

“चांगला आहे. पाच किलो घे.”

“पाच किलो? एप्रिलमध्ये आपण वर्षाचे भरतो.”

“भरायचो.”

“सकाळीच कोठी घासून उन्हात ठेवलीय मी.”

“बघितलं.”

“अगं, गुस्से में निकल गया मुँह से. मनात तसं काही नव्हतं.”

“घटस्फोट म्हणालास, अभिराम. इतकी वर्षं आपण भांडलो, पण तो शब्द मी कधी घरात आणला नव्हता.”

“माफी मागितली ना मी? अजून कितीदा मागू?”

“माफ केलंय, खरंच. पण आता लोणचं घालायचं म्हटलं तरी हात थांबतो. वाटतं, खायला कोण असेल.”

“भैया, कितना तौल दूँ?” दुकानदाराने विचारलं.

मंदाताईंची पोती केव्हाच चढली होती. त्या उठल्या नाहीत.

“एरंडेलसुद्धा आणलंय,” तो हळूच म्हणाला. “गव्हाला चोळायला, वर्षभर कीड लागू नये म्हणून. दरवेळी तू आठवण करतेस, या वेळी मीच आणलं.”

तिने बाटली घेतली, झाकण घट्ट केलं आणि त्याच्या पिशवीत नीट उभी ठेवली.

“पाच किलोला कीड लागायला वेळच मिळत नाही रे. भैया, पाँच किलो.”