मागून आलेली ओ

ताई : नाव मागे घेते म्हणजे घेतेच, वहिनी. पंचांच्या टेबलाकडेच निघालेय मी.

आई : थांबा. आधी ते दार लावा. बाहेर सगळे संघ उभे आहेत, कुणाच्या कानावर जाईल. ताई, तुम्ही माझ्या पोरीच्या कोच आहात की वैरीण? आज देशाचा जिम्नॅस्टिक्सचा संघ निवडणार आहेत. आज! फरशीवरचे व्यायाम झाले, व्हॉल्टची उडी झाली, सगळ्यांच्या पुढे आहे ती. दांडे तेवढे उरलेत आणि तुम्ही म्हणता घरी चला?

ताई : दांडेच उरलेत म्हणून म्हणतेय.

आई : मागच्या वर्षी तिथून पडली म्हणून ना? अहो, ते हाड कधीच जुळलं. उलट त्याआधी काय अवस्था होती आठवते ना? प्रत्येक स्पर्धेला हिच्या मागे बादली घेऊन फिरायचे मी. ओकून ओकून अर्धी व्हायची. पडून उठली आणि भीती साफ गेली. तेव्हापासून हरलीय का एकदा तरी?

ताई : नाही हरली. भिंगरी, बाळा, तू जरा बाहेर थांबतेस का?

भिंगरी : मी इथंच बसते. तुम्ही काय सांगणार आहात ते मला माहितीये.

ताई : बरं. वहिनी, हा व्हिडिओ बघा, मागच्या स्पर्धेतला. इथं थांबवते. तिचं तोंड बघा.

आई : काय झालंय तोंडाला? छान शांत आहे.

ताई : डोळे बघा.

आई : पापणी लवली असेल.

ताई : पुढे नेते. इथं दांडा सोडला, आता हवेत गिरकी आणि पुन्हा पकडायचा. डोळे मिटलेले. इथं पकडला. मिटलेलेच. ही उडी... पाय गादीला लागले तरी मिटलेलेच. मी स्वतः खेळलेय, वहिनी. डोळे मिटून तो दांडा कुणाला सापडत नाही.

आई : सवयीनं सापडत असेल. मी नाही न बघता सुईत दोरा ओवत?

ताई : सुई चुकली तर मान मोडत नाही.

आई : असं अभद्र बोलू नका हो.

ताई : एवढंच असतं तर बोललेही नसते. परवा सरावाला हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो. ही वरच्या दांड्यावर झोका घेत होती. हिचा हात सुटतोय असं मला वाटलं, म्हणून मी ओरडले, ‘भिंगरी!’ तिनं ओ दिली.

आई : मग? शहाण्यासारखी दिली ना?

ताई : ती माझ्यासमोर, वर होती. ओ माझ्या मागून आली.

आई : मागून म्हणजे कुठून?

ताई : भिंतीशी जाड गाद्या रचून ठेवतो ना आम्ही, तिथून. ‘काय ताई?’ अशी. आवाज हिचाच.

आई : एवढा मोठा हॉल, आवाज घुमणारच.

ताई : घुमला असता तर माझाच शब्द घुमला असता. ‘काय ताई’ असं मी म्हटलं नव्हतं.

आई : भिंगरी, काय गं हे? थट्टा केलीस ना ताईंची? सांग त्यांना.

भिंगरी : थट्टा नाही. मीच दिली ओ. मी तिथंच बसले होते.

आई : तिथं कुठं?

भिंगरी : गाद्यांवर. पडल्यापासून मी तिथंच असते, आई. दांड्याला हात लागला की आवाज बंद होतात, कानात कापूस कोंबल्यासारखे. मग मी खाली बसलेली असते आणि वर बघत असते.

ताई : आणि वर कोण असतं?

भिंगरी : ती.

आई : ती कोण? अगं नीट बोल, माझ्या अंगावर काटा आणू नकोस.

भिंगरी : मला नाही माहीत कोण. माझ्यासारखीच आहे. तिला दुखत नाही, भीती पण वाटत नाही. त्या दिवशी माझा हात सुटला ना, तेव्हा खाली येता येता मी मनात म्हटलं, माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी पडा.

ताई : आणि?

भिंगरी : आणि दुसरं कुणीतरी पडलं.

आई : डोक्याला मार लागला होता तुझ्या. डॉक्टर म्हणाले होते, काही दिवस भास होतील म्हणून.

भिंगरी : काही दिवस म्हणाले होते, आई.

ताई : खेळ संपला की जाते ना ती?

भिंगरी : आधी लगेच जायची. पाय टेकले की मी परत माझ्यात. हल्ली रेंगाळते. पाणी पिते, बॅग भरते, तुमच्याशी पण बोलते. मागच्या वेळी गळ्यात पदक घातलं, तेव्हा मी पार खांबापाशी उभी होते. त्याचं वजन कसं लागतं ते मला ठाऊकच नाही. मग ती तुझ्याबरोबर गाडीत बसली, आई.

आई : गाडीत गप्प होतीस तू. मला वाटलं दमलीस.

भिंगरी : मी गाडीमागे पळत होते. सिग्नलला गाठलं तुला. काचेवर हात मारले. तू आरशात बघितलंस, केस सारखे केलेस आणि निघालीस.

ताई : वहिनी? बसा. पाणी घ्या.

आई : त्या दिवशी... घराच्या दारात ही एकदम धापा टाकायला लागली. गाडीतून उतरून दारापर्यंत काय ते चाललेली, आणि श्वास पुरेना. म्हणाली, ‘मला टाकून का आलीस?’ मी हसले, ताई. म्हटलं, पदक मिळालं म्हणून नाटकं सुचतायत.

ताई : वर्षभरात दुसरं काहीच जाणवलं नाही तुम्हाला?

आई : हिचे पोशाख मीच शिवते, मीच हातानं धुते. पूर्वी काखेतली शिवण घामानं कुजायची, दर महिन्याला उसवून नवी घालायचे. या वर्षात एकदाही घालावी लागली नाही. घामाचा वासच नाही कापडाला. मला वाटलं, साबण बदलला म्हणून असेल.

ताई : बदलला होता साबण?

आई : नाही.

ताई : मग जाऊ ना टेबलाकडे?

आई : जा. घ्या नाव मागे. नको मला तो संघ.

भिंगरी : नको, ताई. नाव मागे घेऊन ती जाणार नाही. आज नाही तर उद्या मी दांड्याला हात लावणारच, आणि एक दिवस ती उतरणारच नाही माझ्यातून. आज मी खेळते. मीच.

ताई : वर्षभर तू स्वतः एकदाही वर गेलेली नाहीस, असं म्हणतेस. जमेल?

भिंगरी : बहुतेक नाही जमणार. पडेन.

आई : अगं मग कशाला?

भिंगरी : पण मीच पडेन ना, आई.

ताई : ...ठीक आहे. ऐक. सोडून पकडायची गिरकी गाळायची. साधा झोका, वळण, खालचा दांडा, उडी. डोळे उघडे. मी दांड्याखालीच उभी राहते, काय कापायचे ते गुण कापू देत.

भिंगरी : आणि हाका मारत राहा. दोघीही. मी निघून जायला लागले की मोठ्यानं मारा.

आई : एवढ्या लोकांत? सामसूम असते हो तिथं, पंच हाकलून देतील मला.

ताई : देऊ देत.

आई : हो, देऊ देत मेले! घसा आहे कशासाठी माझा?

भिंगरी : आई, माझे पाय लटपटतायत.

आई : खरंच?

भिंगरी : ओकारी येतेय.

आई : येतेय? थांब, ती कोपऱ्यातली बादली... हं, ये. ओक गं माझी बाय ती. पोटभर ओक.

(त्याच खोलीत, स्पर्धा संपल्यावर.)

आई : हात बघू. अगं बाई, सालटंच निघालंय की तळव्याचं.

भिंगरी : फुंकर घाल ना.

ताई : निकाल लागला. दांड्यांवर आपण सगळ्यांत शेवटी. संघात नाव नाही.

आई : लागलाच होता तो, त्याला भिंतीवर कागद कशाला हवा. वाईट वाटतंय मला, खोटं नाही बोलत. संघाचा पोशाख शिवायला कापड आणून ठेवलं होतं कपाटात.

भिंगरी : रडू नकोस.

आई : रडू दे थोडं. तू सांग, वर काय झालं? मला नीट दिसत नव्हतं.

भिंगरी : हात लावला आणि आवाज बंद झाले. ताईंची हाक लांबून आली, बोगद्यातून आल्यासारखी. मी खाली जायला निघाले होते. तेवढ्यात तू काहीतरी ओरडलीस. काय गं ते?

आई : नुसत्या हाकेनं तू थांबेनास. मग सुचेल ते ओरडले.

ताई : ‘ऊठ, किती वेळ लोळणार आहेस, बस गेली!’ असं ओरडल्या त्या. अख्खा हॉल हसला.

भिंगरी : मला इतका राग आला! आणि बघते तर मी वरच. दांडा केवढा उंच असतो गं! खाली बघितलं आणि दांडा आणखी घट्ट धरला. तळहात पेटले. एक वळण घेतलं, दुसऱ्याला सुटला.

ताई : सुटलीस तेव्हा किंचाळलीस. कान फाटला माझा. झेलली तर घामानं हातातून निसटत होतीस.

आई : आणि... ती?

भिंगरी : खाली बसली होती. माझ्या जागेवर.

आई : रागावली होती का?

भिंगरी : नाही. वर बघत होती नुसती. तिला अजून वाट बघायची सवय नाही. होईल.

ताई : चला, आवरा. शिपाई दिवे घालवायला लागलाय. माझा टॉवेल हॉलमध्ये दांड्यांपाशी राहिला, तेवढा आणते.

आई : हा जोडा घाल. नाडी मी बांधते, तुझे हात असू देत. दुसरा पाय दे. ...काय हो ताई? टॉवेल कुठंय?

ताई : आत कुणी नाही. सगळे गेले.

आई : मग?

ताई : वरचा दांडा करकरतोय. वाकतोय, सरळ होतोय, पुन्हा वाकतोय. पूर्ण झोका घेतल्यावर वाकतो तसा.

आई : आत्ताच कुणी उतरलं असेल.

ताई : उतरल्यावर हळूहळू थांबतो, वहिनी. हा वाढतोय.

भिंगरी : खेळू दे तिला. आपण निघू या.

आई : हात दे इकडे.

भिंगरी : सोललाय गं.

आई : मग मनगट दे.

भिंगरी : आई, दुखतंय. किती घट्ट धरलंयस!

आई : दुखू दे. चल पुढे.