यशवंत धुरी शिडीवरून पडला नाही

जेद्द्याच्या शराफिया भागातल्या या वरच्या खोलीत दाटीवाटीने बसलेल्या माझ्या भावांनो, राबिघच्या कॅम्पमधून शुक्रवारची झोप सोडून आलेल्या फिटर, वेल्डर, एसी मेकॅनिक मित्रांनो, शहरातल्या बँकांतून आणि हॉस्पिटलांतून मुलाबाळांसह आलेल्या ताई-दादांनो,

आपली गावं वेगळी, पगार वेगळे, इकाम्यावरचे, म्हणजे राहण्याच्या परवान्यावरचे, धंदे वेगळे. तक्रार मात्र सगळ्यांची एकच आहे. आपला माणूस इथे मरतो, आणि तो कसा मेला हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. आपण मान हलवतो. पेटी विमानात चढते. दुसऱ्या दिवशी आपण ड्युटीवर जातो.

आज मला बोलणं जड जातंय. तुम्ही हसाल. दर शुक्रवारी तुम्हाला गोष्टी सांगणारा हा माणूस एरवी थांबत नाही, आणि आज म्हणतो बोलणं जड जातंय! पण मी बोलत सुटलो की मला थांबवणारा एकच माणूस होता. कॅम्पच्या मेसमध्ये खिडकीजवळ बसायचा आणि मध्येच ओरडायचा, "मास्तर, गाडी थांबवा जरा, पाणी पिया!" सगळे हसायचे. मीही पाणी प्यायचो. आज तो फोटोत आहे. फोटोला हार नाही, समोर दिवा नाही. इथे उघड पूजा चालत नाही, म्हणून खोलीच्या मालकाने, आपल्या कुंजीकाकांनी, तेवढीच अट घातली आणि खोलीचं भाडं नको म्हणाले. त्यांचे आभार.

यशवंत धुरी. कणकवलीकडचा. एसी मेकॅनिक. अर्धं आयुष्य राबिघमध्ये दुसऱ्यांच्या खोल्या गार करण्यात गेलं. गेल्या आठवड्यात तो गेला. तुम्हाला सांगितलंय की तो शिडीवरून पडला. त्याच्या बायकोलाही तेच सांगितलंय.

त्यावर बोलण्याआधी मला एका कारखान्याबद्दल बोलायचंय. आज कारखाना कशाला, असं वाटेल. थोडं ऐका. धुरीला ही गोष्ट फार आवडायची.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, एका शुक्रवारी हा धावत मेसमध्ये आला. गावाबाहेरच्या एका इस्तिराहामध्ये, म्हणजे लग्नाकार्यासाठी भाड्याने देतात त्या वाडीत, एसी दुरुस्त करायला गेला होता. तिथे एका म्हाताऱ्याने त्याला आपली जुनी रायफल दाखवली. चहा पाजला आणि रायफल दाखवली. धुरीचे डोळे असे झाले होते! "मास्तर, काय चीज आसा! एक खिळो ढिलो नाय. जर्मन माल तो जर्मन माल. ह्या बनवणाऱ्यांची गोष्ट सांगा."

मी पुस्तकं काढली, वाचलं, आणि पुढचे कितीतरी शुक्रवार ती गोष्ट सांगितली.

जर्मनीत डोंगराच्या कडेला, नदीकाठी एक छोटं गाव. तिथे साधूंचा एक जुना मठ होता. राजाने साधूंना बाहेर काढलं आणि मठात बंदुकांचा कारखाना घातला. जिथे प्रार्थना व्हायची तिथे नळ्या घासू लागले. त्या कारखान्यातल्या एका कारागिराची दोन मुलं, सख्खे भाऊ. त्यांनी अशी रायफल बनवली की जगभरचे राजे दारात उभे राहिले. तुर्कांच्या सुलतानानेही घेतली. म्हणजे या लाल समुद्राच्या किनाऱ्यावर, आपण जिथे बसलोय तिथे, तुर्की शिपायाच्या खांद्यावर त्याच गावची बंदूक होती. आपले आजे-पणजे मुंबईहून बोटीने इथे उतरायच्या आधीपासून ती बंदूक इथे आहे.

मग पहिलं महायुद्ध. मग दुसरं. दुसऱ्यात त्या कारखान्यात जिंकलेल्या देशांतून पकडून आणलेली माणसं राबवली. हे सांगताना मी संतापलो होतो. धुरी म्हणाला, "पण मास्तर, मशीनचो काय दोष?" मी म्हणालो, "मशीनचा दोष नसतो रे, म्हणून तर सगळे मशीनच्या मागे लपतात." त्याला पटलं नाही. "तुम्ही वाचतास म्हणून घाबरतास. मी खोलून बघतंय." असा तो. त्याला चांगली बनवलेली वस्तू दिसली की तिच्यातलं वाईट दिसतच नसे.

युद्ध हरल्यावर जिंकणाऱ्यांनी कारखान्यातली यंत्रं उचलून नेली, इमारती उडवल्या. बंदूक बनवायला बंदी आली. मग तिथल्या काही बेकार इंजिनीअरांनी नवी कंपनी काढली. त्यांनी काय बनवलं? शिलाई मशीनचे भाग. सायकलचे भाग. मोजमापाची हत्यारं. धुरीला गोष्टीतला हाच भाग सगळ्यात जास्त आवडायचा. परत परत सांगायला लावायचा. आणि पुढे जेव्हा मी सांगितलं की काही वर्षांनी देशाला पुन्हा फौज मिळाली, आणि याच कंपनीने पुन्हा रायफल हातात घेतली, तेव्हा तो चिडला. खरंच चिडला. "थंयच थांबाक होया होता!"

नाही थांबले. ती रायफल इतकी चांगली निघाली की तिचे नकाशे आणि ती बनवायचा परवाना देशोदेशी विकला गेला. आपल्या शेजारच्या देशांना. या देशाला. यात गुपित काही नाही, पुस्तकांत छापलेलं आहे. आणि जेव्हा केव्हा कुणी विचारलं की या बंदुकीने माणूस मेला त्याचं काय, तेव्हा उत्तर तयार असतं. कंपनी म्हणते, आम्ही नकाशा दिला. सरकार म्हणतं, आम्ही परवानगी दिली. विकत घेणारा म्हणतो, रक्षणासाठी घेतली. साठवणारा म्हणतो, कुलपात ठेवली होती. सगळी चांगली माणसं. सगळ्यांचे हात साबणाने धुतलेले.

आता गेल्या आठवड्याकडे येतो.

त्याच वाडीत लग्न होतं. दुपारी एसी बंद पडले. बायकांच्या हॉलमध्ये उकाडा, घरचे लोक कासावीस. आपल्या कॅम्पमधून चार जण गेले. धुरी आणि आणखी तिघं. ते तिघं आज या खोलीत आहेत. मी त्यांची नावं घेणार नाही. कुणी मागे वळून बघू नका.

धुरी गच्चीवर आउटडोअर युनिटपाशी बसला होता. ते तिघंही त्याच गच्चीवर, जरा दूर. गच्चीला कठडा नाही. नवरदेवाच्या गाड्या आल्या. ढोल वाजला, माणसं नाचू लागली, आणि आनंदाने हवेत गोळ्या सुटल्या. इथल्या कायद्याने हा गुन्हा आहे, हे मुद्दाम सांगतो. इथल्याच लोकांनी, इथल्याच घरांत अशी माणसं गमावल्यावर तो कायदा आलाय. तरी एकाच्या हातातली रायफल तिरकी झाली. गोळी युनिटला लागली. धुरीला लागली नाही. धुरीच्या हाताएवढ्या अंतरावर दाबाखालचा गॅस फुटला. तो मागे फेकला गेला. मागे काही नव्हतं.

म्हणून हॉस्पिटलला त्याच्या अंगात गोळी सापडली नाही. फक्त पडल्याच्या जखमा सापडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर नवं युनिट बसलं होतं. बसवायला कोण गेलं होतं? आपलेच लोक.

त्या लग्नघरातला एक वयस्क माणूस हॉस्पिटलला आला होता. भिंतीला टेकून उभा राहिला. "अल्लाह यरहमा", देव त्याच्यावर दया करो, असं म्हणाला आणि डोळे पुसत गेला. मी त्याला राक्षस म्हणणार नाही. त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही.

आणि आपण काय केलं? आपण आपली रीत पाळली.

नव्यांसाठी सांगतो. कॅम्पमध्ये माणूस गेला की घरी फोन करण्याआधी चार जाणती माणसं एका खोलीत बसतात. काय सांगायचं ते ठरतं. मग सगळे तेच सांगतात. घरच्यांना, कंपनीला, पोलिसांना, एकमेकांनासुद्धा. ही रीत वाईट हेतूने सुरू झालेली नाही. कुणी गळफास घेतला तर आईला "हार्ट अटॅक" सांगायचं. कुणी उन्हात कोसळला आणि तासभर कुणाला कळलं नाही, तर "झोपेत गेला, त्रास झाला नाही" सांगायचं. दयेपोटी सुरू झालेली रीत आहे. त्या दिवशीही चार माणसं बसली. ठरलं: शिडीवरून पडला. सेफ्टीचा पट्टा लावला नव्हता. खलास.

शिंदेमामा, तुम्ही पहिल्या रांगेत बसलायत. तुम्ही फोरमन आहात, तुम्हीच फोन केलात. आपलं भांडण झालं तेव्हा तुम्ही मला जे म्हणालात ते मी सगळ्यांसमोर सांगतो, कारण त्यात दम आहे. तुम्ही म्हणालात, "सर, तीन इकामे आहेत. तीन घरं आहेत. एकाच्या पोरीचं लग्न ठरलंय. व्हिसा देणाऱ्या कफीलने नाव कापलं तर तुम्ही पोसणार का? धुरी परत येणार आहे का?"

नाही येणार मामा. तुमचं एकही वाक्य खोटं नाही.

पण मग मला सुलभावहिनींचा फोन आला. धुरीची बायको. रडत नव्हती. रडून झालं असावं. ती म्हणाली, "भावजी, तो माणूस माडार चढताना पण कमरेक दोर बांधायचो. मगे पडलो कसो?" पुढे म्हणाली, "हय लोक विचारतत, पियालो होतो काय? माझो दीर पण विचारता." मग हळूच म्हणाली, "तुम्ही शिकलेले आसास. माका खरा सांगा. त्याची चूक होती काय?"

सांगा, काय उत्तर देऊ? या खोलीतल्या कुणीही सांगा.

मी तिला म्हणालो, "वहिनी, त्याची चूक नव्हती." ती म्हणाली, "असा सगळेच म्हणतत." आणि फोन ठेवला. माझा शब्द तिला पुरला नाही. कसा पुरेल? पोलिसांच्या कागदावर लिहिलंय की स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडला. सोमवारी धुरी विमानात चढेल. तो चढला की इथली चौकशी संपेल, आणि ते वाक्य कायमचं खरं होईल. ज्या माणसाने आयुष्यात एक नट ढिला सोडला नाही, तो त्याच्या गावात, त्याच्या घरात निष्काळजी म्हणून ओळखला जाईल. बाई म्हातारी होईल आणि तरीही तिला वाटत राहील, नवऱ्याने पट्टा लावला असता तर!

मी त्या कारखान्याची गोष्ट का सांगितली हे आता कळलं असेल. आम्ही नकाशा दिला. आम्ही परवानगी दिली. आम्ही कुलपात ठेवली. आणि आता आपण: आम्ही एसी दुरुस्त करायला गेलो होतो, आम्हाला काय माहीत! परदेशातल्या कंपनीला मी कितीही शिव्या घालीन. माझ्या शिव्या तिला ऐकू जाणार नाहीत. पण आपलं वाक्य तिच्याच वाक्याच्या शेजारी बसतंय, हे मला झोपू देत नाही.

माझ्याकडून आशेची भाषा ऐकायला आला असाल तर माफ करा. ती माझ्याकडे नाही. मी खूप वाचलं, आणि वाचून एवढंच कळलं की बंदुका बनवणारे बुडत नाहीत. त्यांचे कारखाने उडवले तरी ते परत उभे राहतात. त्या गावात आजही बंदुका बनतात. धुरी नावाचा माणूस होता हे तिथे कुणाला कधीच कळणार नाही. इथे साक्ष दिली तरी रायफल सापडेल का? बहुतेक नाही. ज्याने झाडली त्याला शिक्षा होईल का? मला नाही वाटत. पुढच्या लग्नात गोळ्या थांबतील का? नाही थांबणार. साक्ष देणाऱ्याची नोकरी राहील का? मी खात्री देऊ शकत नाही, आणि खोटी देणारही नाही. शिंदेमामा म्हणतात तसं सगळं होऊ शकतं.

मिळेल ते एकच. कागदावरचं एक वाक्य बदलेल. "निष्काळजीपणामुळे" हा शब्द जाईल. कणकवलीकडच्या एका घरात एक बाई दिराला सांगू शकेल की तो प्यायला नव्हता. एवढंच. याहून जास्त काही नाही.

मी स्वतः चौकीवर जाऊन आलो. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने मला बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "तू पाहिलंस का?" मी म्हणालो, नाही, ऐकलं. तो म्हणाला, "ज्याने पाहिलं त्याला घेऊन ये." त्याचं म्हणणं बरोबर आहे. मी कितीही चांगलं बोललो तरी मी त्या गच्चीवर नव्हतो.

दोन मिनिटं उभं राहून डोळे मिटायची आपली पद्धत आहे. आज मी ते करायला सांगणार नाही. गेला आठवडाभर आपण सगळे तेच करतोय.

त्या तिघांना सांगतो. इथे उभे राहू नका, इथे हात वर करू नका, इथे फोनवर चित्रण चालू आहे. आज रात्री एकमेकांशी बोला. ज्याच्या घरी सगळ्यात कमी ओझं असेल तो ठरवा, किंवा ज्याला सगळ्यात कमी झोप लागते तो ठरवा. परवा, रविवारी सकाळी आठ वाजता राबिघच्या पोलीस चौकीसमोरच्या पेट्रोल पंपावर मी माझ्या गाडीत बसलेला असेन. सोबत अरबी बोलणारा माणूस असेल. आत मी तुमच्या शेजारी बसेन आणि चौकशीच्या कागदावर माझंही नाव लागेल. कुणाविरुद्ध बोलायचं नाही. गच्चीवर डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच सांगायचं.

तिघं नकोत. एक या.