बाईंची पट्टी

ठाणे स्टेशनबाहेर घोडबंदर रोडच्या बसच्या रांगेत प्रभाकर पेपर वाचत उभे होते. मागे दोघीजणी बोलायला लागल्या आणि पेपर तसाच राहिला.

"उत्तराबाई ना? मी वल्लरी. कॉलेजात तुमच्याकडे गाणं शिकायला होते."

"अगं, चेहरा लक्षात आहे! मी कॉलेज सोडलं. आता बालवाडीत असते."

"तुम्ही? आणि तीन-तीन वर्षांची पोरं?"

"हजेरीच घेते गं. मी नाव गाऊन हाक मारायची, त्यांनी 'आलो', 'आले' गाऊनच सांगायचं. सुरुवातीला एकही ओ देईना."

"घाबरली असतील. आम्ही घाबरायचो."

"छे! मी माझ्या पट्टीत गायचे. त्यांचे आवाज वरचे, एवढे खाली उतरणार कसे? मग मीच वर गेले. आता वर्ग डोक्यावर घेतात."

"आमच्यासाठी नाही गेलात कधी. तुमची पट्टी काळी चार म्हणजे काळी चार. माझा घसा बसायचा, तर म्हणायचात, रियाज कमी पडतो."

"मीही तशीच शिकले."

"जाऊ द्या, बाई. मी आता बँकेत आहे."

"गातेस ना पण?"

"नाही."

"तुझी पट्टी कुठली होती गं?"

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत. मग मीही नाही शोधली."

बस आली.

"वल्लरीऽऽ," बाईंनी हलकेच गाऊन हाक मारली.

"बाई, लोक बघतायत!"

"वल्लरीऽऽ." या वेळी सूर जरा वरचा होता.

"ओ काका, पुढे सरका ना!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

प्रभाकर 'आले' ऐकू येईपर्यंत जागचे हलले नाहीत.