अमेरिकेतला निळा कावळा

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, आणि दुसऱ्याचं आयुष्य लिहायला बसलो, याची आधीच माफी मागतो. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या एलिनॉर काकू इंग्लंडमधल्या एका लॉर्डची मुलगी. पुस्तकं लिहितात. मराठी मात्र नागपूरच्या सासूबाईंकडून शिकल्या. त्या बोलल्या तसं उतरवलंय. चुकलं असेल ते माझं.

काय सांगू तुला, बाळा, आमचं घराणं सुरू झालं राजापासून, पण राजाने आमच्या त्या कितव्यातरी पणजीशी लग्न केलंच नाही, ती त्याच्या महालात कपडे धुवायची, पोराला जमीन दिली, किताब दिला अन् तिला दिलं घरी पाठवून. आमच्या जिन्यात राजाची तसबीर ही एवढी, अन् तिचं नावसुद्धा कुठे नाही. मग मी तुझ्या काकांशी लग्न केलं, ते डॉक्टर, इकडे आलो, मागून सासूबाई आल्या. मी भीतभीत सगळं सांगितलं, म्हटलं आता ही बाई मला घराबाहेर काढते. तर त्या म्हणाल्या, राजाचं राहू दे बापा, त्या माउलीचं नाव काय? मी म्हटलं, ठाऊक नाही. म्हणाल्या, चार पुस्तकं लिहिली अन् हे माहीत नाही? मी हसले काय अन् रडले काय.

मग सर्वपित्री अमावस्येला त्यांनी तिचंही पान वाढलं, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचं त्या दिवशी चालतं. खीर, वडे, सगळं मागच्या डेकवर ठेवलं. कावळा काही येईना. आला तो इकडचा निळा पक्षी, ब्लू जे म्हणतात त्याला, वडा उचलून पळाला. सासूबाईंनी टाळीच वाजवली, परदेशी बाईला परदेशी कावळा, पोचलं बाई! आता सासूबाई नाहीत, काका नाहीत, त्यांचीही पानं मीच वाढते. खीर अजून थोडी करपतेच, खोटं कशाला बोलू.

हेच सगळं पुस्तकात लिहिलं, तर माझा भाऊ ह्यू, आता तोच लॉर्ड, तो म्हणाला, धोबिणीचं नातं जगाला सांगतेस? मी म्हटलं, अरे, तिच्यामुळेच त्या खुर्चीत बसलायस तू. फोन आपटला त्याने, दोन वर्षं झाली. पुस्तक तयार आहे, पण त्याच्या होकाराशिवाय छापायचं नाही, एकच भाऊ आहे मला. वाट पाहून राहिली आहे. नाही आला होकार तरी पान वाढीनच. तूही ये जेवायला, सुखी राहा.

हे लिहून झालं आणि काल काकूंचा फोन आला, हसू आवरत नव्हतं. ह्यूने त्यांच्या गावच्या चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या स्वतः चाळल्या. त्याचा निरोप एवढाच: तिचं नाव हॅना. पुस्तक छाप. सर्वपित्रीला मी येतोय, त्या निळ्या कावळ्याला सगळे वडे देऊन टाकू नकोस.