एकशे पस्तीसचा मान

विश्वासराव : हा मी. हे माझं नाक. हा फेटा. आणि रघुनाथ कुठाय?

शामला : तुमच्या डाव्या कानाच्या मागे, आबा. तो ठिपका दिसतोय ना, ते काका.

विश्वासराव : हा? मी माशी समजून दोनदा झटकला.

शामला : माशी नाही, काकाच. खुर्चीसकट.

विश्वासराव : मग फोटो चांगला आलाय म्हणायचा.

शामला : चांगला कसला, सत्यानास झालाय. काल अंगणात माझ्या पाठीला भिंत लागली, मागे सरकायला जागाच नव्हती. म्हणून हे आखूड भिंग लावलं, पस्तीसचं. त्यात सगळं मावतं, पण जवळचा माणूस एकदम फुगतो आणि मागचा आटतो.

विश्वासराव : पस्तीस काय? तोफा?

शामला : मिलिमीटर, आबा.

विश्वासराव : तुझ्याकडे तीन भिंगं आहेत ना. बाकीच्या दोघांना किती?

शामला : एक पन्नासचं, एक एकशे पस्तीसचं.

विश्वासराव : घरात एकशे पस्तीस असताना तू जन्मदात्याला पस्तीसवर बसवलंस? आपल्या दरबाराला सलामीच्या तोफा एकवीस होत्या, आणि एकवीसवाले उभ्या हिंदुस्थानात पाच.

शामला : तो मान नाही, ती फोकल लेंथ आहे. नया बाजारचे मुकुंदराव शिकवतात ना मला, ते म्हणतात, आकडा लहान तर पुष्कळ मावतं पण बारीक दिसतं. आकडा मोठा तर थोडीच माणसं मावतात, पण लांबची जवळ येतात.

विश्वासराव : म्हणजे आकडा जेवढा मोठा, तेवढी आत माणसं कमी. अगं, मग मानच की तो. दरबारात दुसरं काय होतं?

शामला : मुकुंदराव म्हणतात, नवशिक्याने पन्नासपासून सुरुवात करावी. त्यात माणसाच्या डोळ्याला दिसतं तसं येतं.

विश्वासराव : डोळ्याला दिसतं तसं नको. तसा मी रोज दिसतो, त्याला फोटो कशाला? तू एकशे पस्तीस लाव.

शामला : लावते, आज रस्त्यावर जागाही आहे. पण आबा, संध्याकाळी तुमची भोपाळची गाडी आहे. काकांना विचारलंत?

विश्वासराव : काय?

शामला : मला त्यांच्या घरी ठेवून घेतील का, ते.

विश्वासराव : तू विचार. तुझ्याशी बोलतो तो.

शामला : मी विचारलं. ते म्हणाले, बापानं तोंडानं विचारावं. चिठ्ठी नको, निरोप नको, तू मध्ये नकोस. नाहीतर बांध बिस्तरा आणि जा त्यांच्याबरोबर. भोपाळला जाऊन मी काय करू, आबा? तिथं ना मुकुंदराव, ना अंधारखोली. आत्ता कुठं हात जमायला लागलाय.

विश्वासराव : तलाव आहे तिथं. मोठा.

शामला : तो तुमच्या खात्यासाठी.

विश्वासराव : त्याला हसू नकोस. राज्यं विलीन झाली, राजे गेले, मानपानाची आमची कचेरी मात्र शिल्लक राहिली. कुठलंच खातं घेईना. शेवटी मत्स्यखात्यानं पदरात घेतली. आता उद्यापासून नवं राज्य, राजधानी भोपाळ. मासे तलावावर चाललेत, त्यांच्या मागून मानपान चाललंय.

शामला : माशांचे मान लावता तुम्ही?

विश्वासराव : सध्या वजनावर लावतो. नियम व्हायचेत.

रघुनाथराव : शामे, तुझ्या वडलांना सांग, माशी आलीय.

शामला : या काका. आबा, काका आलेत.

विश्वासराव : दिसलं. त्यांना विचार, डोक्यावर खुर्ची घेऊन का आले. हमाल नाही मिळाला?

रघुनाथराव : सांग, घोडा असता तर पाठीवर टाकून आणली असती.

विश्वासराव : त्यांना सांग, शुभकार्यात घोड्याचा विषय नको.

रघुनाथराव : त्यांना विचार, विषय काढला कोणी? शेवटच्या दरबारात मला माझ्याच घोड्याच्या मागे उभा कोणी केला? आठ वर्षं झाली शामे, पण अजून सणाच्या दिवशी नाकासमोर त्याचं शेपूट हलतं.

शामला : काका, पाठ आहे मला.

रघुनाथराव : पुढचं नसेल पाठ. रियासतीचा रिसाला मोडला, भारताच्या फौजेचा डॉक्टर आला. आम्हा दोघांना एका रांगेत तपासलं. घोडा पास झाला, मला घरी पाठवलं. जाताना त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं साहेब अर्दलीकडे पाहतो.

विश्वासराव : शामला, दोरी आण. धाकट्यानं थोरल्याच्या मागे सात हात बसायचं.

रघुनाथराव : त्यांना सांग, सातच कशाला? मी पार त्या पिंपळाखाली जातो. मान द्यायचा तर पोटभर द्यावा.

शामला : बसा हो काका, पिंपळाखाली बसा. मला चालेल.

विश्वासराव : चालेल? मग तो पुन्हा माशी होईल.

शामला : आज नाही होणार. काल रात्री पडल्या पडल्या विचार केला, तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. मला वाटायचं, मोठं-लहान भिंगानं होतं. भिंगानं नाही होत, आबा. मी कुठं उभी आहे, त्यानं होतं. मी तुमच्या पुढ्यात उभी राहिले, तर तुम्ही चार हातांवर आणि काका चोवीस हातांवर. तुम्ही डोंगर, ते माशी. पण मी रस्त्याच्या टोकाला कंपूकोठीच्या भिंतीपर्यंत मागे गेले, की तुम्ही माझ्यापासून शंभर हात, ते एकशे वीस. काय फरक राहिला? दोघंही माझ्या लेखी सारखेच लांब.

विश्वासराव : इतक्या लांबून आम्ही दोघंही माश्याच दिसू.

शामला : त्यासाठी तर हे एकशे पस्तीसचं. सारखं करतं अंतर, आणि सारखं झालेलं जवळ आणून दाखवतं हे भिंग. फोटोत तुम्ही दोघं खांद्याला खांदा लावून बसल्यासारखे दिसाल.

विश्वासराव : म्हणजे सगळे सारखे दिसायला हवेत तर बघणाऱ्यानं दूर निघून जायचं.

रघुनाथराव : शामे, त्यांना सांग, म्हणून तर राजधानी भोपाळला नेलीय.

शामला : आता ऐका. आबा, तुम्ही इथं, तोंड माझ्याकडे. मागे वळायचं नाही. काका तिथं, जरा उजवीकडे, म्हणजे फेट्याच्या आड जाणार नाहीत. मी पांढरा रुमाल वर केला की कुणी हलायचं नाही. मी तिथून ओरडले तरी ऐकू येणार नाही, आणि तुमचं मला येणार नाही.

विश्वासराव : आणि मला यांना काही सांगायचं असलं तर?

शामला : ते आता तुम्ही बघा.

(शामला कॅमेरा छातीशी धरून कंपूकोठीच्या बाजूला चालू लागते. विश्वासराव रस्त्याच्या कडेला खुर्चीत, रघुनाथराव त्यांच्या बरेच मागे पिंपळाखाली.)

विश्वासराव : शामला, त्यांना विचार… गेली वाटतं.

रघुनाथराव : हलवायाच्या दुकानापाशी पोचली.

विश्वासराव : हे कोणाला सांगितलंत?

रघुनाथराव : हवेला.

विश्वासराव : मग हवेनं आपला फेटा सरळ करावा.

रघुनाथराव : हवेला म्हणावं, पाठीला डोळे नसताना माझा फेटा वाकडा कसा दिसला?

विश्वासराव : तुझा कधी सरळ असतो? लग्नातसुद्धा मी दोनदा नीट केला.

रघुनाथराव : तीनदा.

विश्वासराव : हां. तीनदा. मागे काय वाजलं?

रघुनाथराव : वळू नका दादासाहेब, पोरगी बघतेय. म्हैस आहे. गल्लीतून आली आणि आपल्या दोघांच्या मधोमध उभी राहिली.

विश्वासराव : हाकल तिला.

रघुनाथराव : मी उठलो तर पोरीला पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागेल. आणि त्या भिंगात म्हणे सगळे खांद्याला खांदा लावून दिसतात. म्हणजे मधे हीपण दिसणार. आपण तीन भावंडं.

विश्वासराव : कुणाची आहे?

रघुनाथराव : तोमरांची. तुम्हीच मानपानवाले, तुम्हीच सांगा. हिचा मान कितवा?

विश्वासराव : म्हशीला हुद्दा नसतो. मालकाचा मान तो तिचा.

रघुनाथराव : तोमर तर नगरपालिकेत निवडून आलेत.

विश्वासराव : मग अवघड आहे. निवडून आलेल्यांचं अजून कळवलं नाही वरून.

रघुनाथराव : तोवर मी हिच्या मागे. आधी घोडा, आता म्हैस. तुमच्या राज्यात मला माणसाची पाठ कधी बघायला मिळायची?

विश्वासराव : आत्ता बघतोयस ती कुणाची?

रघुनाथराव : म्हशीची. तुमचा नुसता फेटा दिसतोय.

विश्वासराव : रघू, घोडा सरकारी होता. त्याला हुद्दा होता, तुला नुसती वर्दी. भावाला मागे सारायची रीत पोथीभर होती. पुढे आणायची मिळते का, म्हणून मी आणि हाताखालच्या मंडळींनी सगळी कचेरी उलथून पाहिली. नाही मिळाली.

रघुनाथराव : शोधलीत?

विश्वासराव : शोधली.

रघुनाथराव : मग तेव्हाच सांगायचं होतं.

विश्वासराव : कुणाबरोबर सांगणार? पोर लहान होती, निरोप न्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

रघुनाथराव : पाच पावलांवर होतो मी.

विश्वासराव : घोड्यामागे होतास. दिसला नाहीस.

रघुनाथराव : दात चांगले होते त्याचे. म्हणून पास झाला तो. बाकी धावण्यात दम नव्हता.

विश्वासराव : तुझी वरची खोली अजून रिकामीच आहे का?

रघुनाथराव : का?

विश्वासराव : असंच. दिवसा अंधार होतो का तिथं?

रघुनाथराव : खिडकी लावली तर होतो. कशाला हवाय अंधार?

विश्वासराव : फोटो धुवायला लागतो म्हणे.

रघुनाथराव : कुणाला?

विश्वासराव : तुला ठाऊक आहे कुणाला.

रघुनाथराव : मला काही ठाऊक नाही. मी म्हशीमागे बसलोय.

विश्वासराव : उगाच छळू नकोस, रघू.

रघुनाथराव : आठ वर्षं थांबलोय. एक वाक्य पुरतं ऐकू द्या.

विश्वासराव : माझ्या पोरीला तुझ्याकडे ठेवून घे.

रघुनाथराव : म्हैस गेली.

विश्वासराव : मी काय म्हणालो ते ऐकलंस का?

रघुनाथराव : ऐकलं. खिडकीला कांबळं लावीन दुहेरी. फटीतून ऊन येतं तिथं.

विश्वासराव : तुझ्या बायकोला, उषाताईंना, विचारलं पाहिजे.

रघुनाथराव : तिनंच खिळे आणून ठेवलेत.

विश्वासराव : शामला रात्री उशिरापर्यंत जागते. रागवायचं नाही. आणि तिला दूध नको, दुधावर साय आली की पळते.

रघुनाथराव : लहान होती तेव्हापासून ठाऊक आहे मला. तुम्ही तिकडे जेवणाचं काय करणार?

विश्वासराव : मासे आहेत.

रघुनाथराव : खाल तुम्ही ते? त्यांचे मान लावून झाल्यावर?

विश्वासराव : हसवू नकोस. फोटोत येईल.

रघुनाथराव : फोटो केव्हाच झालाय, दादासाहेब. तुमच्या डोळ्यांसमोर रुमाल वर गेला, खाली आला, बोलण्याच्या नादात तुम्हाला दिसला नाही. ती कॅमेरा पिशवीत भरून परत निघालीसुद्धा.

विश्वासराव : मग तू बोलला का नाहीस?

रघुनाथराव : तुम्ही बोलत होता.

विश्वासराव : तो समोरून टांगा येतोय, तो स्टेशनचा का?

रघुनाथराव : तुमचाच असेल. उठता?

विश्वासराव : बैस. टांगेवाल्याला सांग, अजून फोटो चाललाय.