महिनाभराची सरळ रेष

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा, माझी शाळा लवकर सुटली. शब्दही साधेच येतात. बुऱ्हाणपूरला मी केळी पिकवायच्या कोठीवर कामाला आहे. शेठजींचे हुशार भाचे राहुलभाऊ यांनी कोठीच्या तापमानाचा ग्राफ कॉम्प्युटरवर आणला. एका दिवसाची रेष त्यांना वाकडीतिकडी वाटली, म्हणून त्यांनी अख्खा महिना एकाच पडद्यावर दाबून बसवला. रेष एकदम सरळ! शेठजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे.

एका दुपारी कूलिंग बंद पडलं. महिन्याच्या रेषेत ती दुपार कुठे दिसणार? आम्ही सगळे निर्धास्त. संध्याकाळी व्यापारी गाडी घेऊन आला. दार उघडलं, तर केळी उकडल्यासारखी मऊ.

"पण ग्राफमध्ये तर सब ठीक आहे," राहुलभाऊ म्हणाले.

"मग ग्राफच भरा गाडीत," म्हणून व्यापारी रिकामाच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडद्यावर फक्त कालचा दिवस लावला. दुपार डोंगरासारखी उभी राहिली.

"काय बिघडवलंस रे?" शेठजी ओरडले. "काल तर किती सरळ होती!"

मी त्यांच्यासाठी पुन्हा महिना लावला आणि थर्मामीटर घेऊन कोठीत जाऊन बसलो.